आर्न्हेम आणि सांगशाक: एका पॅराशूट ब्रिगेडच्या दोन आठवणी

ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली तेव्हा तिच्यात तीन पलटणी होत्या: १५१ ब्रिटिश, १५२ भारतीय आणि १५३ गुरखा. वर्षभरात १५१ मध्यपूर्वेत गेली. तिथे तिचा क्रमांक बदलून १५६ झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्न्हेमजवळ ती जवळपास संपली. बाकीच्या दोन पलटणी त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात, सांगशाकला, जपान्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. १५१ च्या जागी घेतलेली १५४ गुरखा पलटण अजून लढाईला तयार नव्हती. सांगशाकला तिसरी पलटण म्हणून ब्रिगेडच्या हाताखाली आली ती ४/५ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण.

आर्न्हेमचं स्मरण ऐंशी वर्षं अखंड चालू आहे. सांगशाकचं नाव मात्र महाराष्ट्रातही फारसं कुणी घेत नाही. शौर्याच्या मापाने हा फरक समजणार नाही. मेलेल्यांना कुठे ठेवलं, जगलेल्यांना कुणी घरात घेतलं आणि प्रवासाचा खर्च कुणी उचलला, हे पाहिलं की उलगडा होतो.

आर्न्हेमची लढाई थोडक्यात अशी. १७ सप्टेंबर १९४४ ला ‘मार्केट गार्डन’ मोहीम सुरू झाली. मेजर जनरल रॉय अर्कहार्ट यांच्या पहिल्या ब्रिटिश एअरबोर्न (विमानांतून उतरणाऱ्या) डिव्हिजनने ऱ्हाइनवरचा पूल घ्यायचा आणि दक्षिणेकडून रणगाडे येईपर्यंत, म्हणजे साधारण ४८ तास, धरून ठेवायचा असं ठरलं होतं. पुलाच्या उत्तर टोकाशी लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट सुमारे ७४० माणसांनिशी पोहोचले आणि तीन दिवसांहून अधिक तग धरून राहिले. रणगाडे आले नाहीत. बाकीची डिव्हिजन शेजारच्या ओस्टरबेक गावात कोंडली गेली. २५ सप्टेंबरच्या रात्री उरलेल्यांना होड्यांतून नदीपार काढण्यात आलं. गेलेल्या दहा हजारांपैकी परत आले सुमारे २,४००. सुमारे १,५०० ठार झाले आणि सहा हजारांहून अधिक कैदेत गेले.

कैद्यांचा हा आकडा पुढच्या सगळ्या गोष्टींना कारण ठरला. एखादी पलटण लढून परत येते तेव्हा हजेरीच्या वेळी कोण गेलं ते समजतं. इथे हजेरी घ्यायला पलटणच उरली नव्हती. माणसं जर्मनीतल्या छावण्यांत विखुरलेली होती, जखमी रुग्णालयांत होते, काही जण डच घरांच्या माळ्यांवर लपले होते. कोण जिवंत, कोण मेला, कुणी कुणाला शेवटचं कुठे पाहिलं, याची जुळवाजुळव छावण्यांतल्या बोलण्यातून आणि तिथून सुटणाऱ्या पत्रांतून सुरू झाली. फालिंगबोस्टेलच्या ‘स्टालाग ११-बी’ छावणीत तिसऱ्या पॅरा पलटणीचे रेजिमेंटल सार्जंट मेजर जॉन लॉर्ड यांनी कवायत आणि शिस्त परत आणली. छावणीत मरणाऱ्यांना रीतसर लष्करी अंत्यविधी मिळेल, हेही त्यांनी पाहिलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये ती डिव्हिजनच मोडीत काढण्यात आली. १५६ सारख्या पलटणी तर पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. परत जायला बराक नाही, ध्वज नाही, मेस नाही. अशा माणसांना एकत्र यायला ठिकाण लागतं, आणि ते ठिकाण ओस्टरबेकने दिलं.

गावाची स्वतःची अवस्था काही धड नव्हती. लढाई संपताच जर्मनांनी आर्न्हेम आणि आसपासच्या लोकांना, जवळपास एक लाख माणसांना, घरं सोडायला लावली. नंतरचा हिवाळा हॉलंडमध्ये उपासमारीचा गेला. एप्रिल १९४५ मध्ये प्रदेश मुक्त झाल्यावर लोक परतले, तर घरांना छपरं नव्हती आणि अंगणात कबरी होत्या. केट टेर हॉर्स्ट यांच्या घरात लढाईच्या वेळी जखमींवर उपचार होत होते. त्यांच्या एकट्या बागेत ५७ सैनिक पुरलेले होते.

या कबरी एकत्र आणण्याचं काम किचकट होतं. ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात दोन ओळखबिल्ले असत, दाबून केलेल्या तंतूंचे. लाल गोल बिल्ला मृत्यूच्या नोंदीसाठी काढून घ्यायचा आणि हिरवा अष्टकोनी देहासोबत ठेवायचा, असा नियम. ओल्या मातीत हा तंतू कुजतो. धातूचा बिल्ला वर्षानुवर्षं टिकतो, हा टिकत नाही. त्यात पॅराशूट सैनिकाचा गणवेशावरचा सैल डगला (डेनिसन स्मॉक) सगळ्यांचा सारखा, त्यावर नाव नाही. पेबुक, म्हणजे सैनिकाची ओळख-पगार पुस्तिका, कुणी काढून घेतलं असेल आणि फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं नाव पावसाने पुसलं असेल, तर ओळख पटवायला हाती काही राहत नाही. म्हणूनच ओस्टरबेकच्या युद्ध दफनभूमीत, जिथे १,७०० हून अधिक कबरी आहेत, अनेक शिळांवर नावाऐवजी ‘एक सैनिक’ एवढंच कोरलेलं दिसतं. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखला गेला नाही, त्यांची नावं ग्रूसबेकच्या स्मारकभिंतीवर आहेत. आजही बांधकामात किंवा झाडाच्या मुळाशी अवशेष निघतात. डच लष्कराचं शोधपथक दात, हाडं, सोबतच्या वस्तू आणि आता डीएनए यावरून ओळख पटवतं. मग ऐंशी वर्षं ‘अज्ञात’ असलेल्या शिळेवर नाव चढतं.

पहिली स्मरणसभा २५ सप्टेंबर १९४५ ला, म्हणजे माघारीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी झाली. त्याच दिवशी अर्कहार्ट यांनी हार्टेनस्टाइन हॉटेलसमोरच्या स्तंभाचा पाया घातला. लढाईत त्यांचं मुख्यालय याच हॉटेलात होतं. दफनभूमीत गावातल्या शाळकरी मुलांनी कबरींवर फुलं ठेवली. ही रीत तेव्हापासून चालू आहे. प्रत्येक कबरीमागे एक मूल उभं राहतं आणि इशारा झाला की सगळी मुलं एकदम पुढे होऊन फुलं ठेवतात. या मुलांना तिथे ‘फुलांची मुलं’ म्हणतात. यात मेख अशी की मुलाला जी कबर मिळते तिच्यावरचं नाव तो वाचतो, आणि घरी जाऊन विचारतो. १९४५ च्या मुलांची नातवंडं पुढे त्याच रांगांत उभी राहिली. कोणत्याही पाठ्यपुस्तकाला हे जमलं नसतं.

खर्चाचा भाग लोक विसरतात. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये मृत सैनिकाच्या आईला किंवा विधवेला हॉलंडची वारी परवडत नव्हती. ओस्टरबेकमध्ये १९४७ पासून सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ‘एअरबोर्न मार्च’ नावाची पदयात्रा निघते. भाग घेणाऱ्यांनी शुल्क भरायचं आणि त्या पैशातून नातेवाइकांना, पुढे माजी सैनिकांनाही, आणायचं, असा तिचा मूळ हेतू. आता तीस हजारांहून जास्त लोक चालतात. राहण्याची सोय गावकऱ्यांच्या घरी. तेच घर, तोच पाहुणा, दर वर्षी. पुढे पुढे पाहुणा गेला तरी त्याची मुलं त्याच घरी उतरू लागली. पलटणीच्या संघटनेचं पत्तापुस्तक हरवू शकतं, पण अशा घराचा पत्ता पाहुण्यांच्या कुटुंबात सगळ्यांनाच ठाऊक असतो.

एका वळणावर हे सगळं बंद पडणार होतं. १९६९ च्या पंचविसाव्या वर्षी पॅराशूट रेजिमेंटच्या बाजूने विचार असा होता की आता पुरे, डच लोकांवर आणखी किती वर्षं भार टाकायचा. डच लोकांनी साफ नकार दिला. हा सोहळा आमचा आणि आमच्या मुलांचाही आहे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते सगळ्या इतिहासातला निर्णायक क्षण हाच. माजी सैनिकांची संघटना तिच्या सदस्यांइतकंच आयुष्य जगते. गावाने स्मरण आपलं मानलं की ते आयुष्य लांबतं. १९९४ मध्ये माजी सैनिकांनी हार्टेनस्टाइनजवळ गेल्डरलँड या तिथल्या प्रांताच्या लोकांसाठी एक शिळा बसवली. आम्ही तुमच्यावर मृत्यू आणि विध्वंस आणला आणि तुम्ही आम्हाला कधी दोष दिला नाही, असा तिच्यावरचा मजकूर. विजयाची शिळा सगळीकडे असते. यजमानांपुढे मान झुकवणारी क्वचितच दिसते.

स्मरणात सगळे सारखे आले असंही नाही. जनरल स्तानिस्लाव्ह सोसाबोव्स्की यांची पोलिश पॅराशूट ब्रिगेड नदीपलीकडे ड्रील गावाजवळ उतरली होती. लढाईनंतर ब्रिटिश सेनापतींनी अपयशाचं खापर त्यांच्यावर फोडलं आणि त्यांना ब्रिगेडच्या नेतृत्वावरून हटवण्यात आलं. पोलंड कम्युनिस्ट राजवटीखाली गेल्याने त्यांचे बरेच सैनिक घरी परतू शकले नाहीत. सोसाबोव्स्की लंडनमध्ये कारखान्यात काम करत राहिले आणि १९६७ मध्ये वारले. डच सरकारने ब्रिगेडचा आणि त्यांचा मरणोत्तर सन्मान केला तो २००६ मध्ये. ड्रीलच्या गावकऱ्यांनी मात्र पोलिश माणसांना त्याआधी कित्येक वर्षं सांभाळलं होतं.

१५६ पलटणीची माणसं १८ सप्टेंबरला एडेजवळच्या गिंकेल माळावर उतरली होती. त्या माळावर दर सप्टेंबरमध्ये उड्या मारून स्मरण होतं. २०१९ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, ९७ वर्षांच्या एका माजी सैनिकाने तिथे टँडेम उडी, म्हणजे दुसऱ्या उडीबाजाला बांधून घेतलेली उडी, घेतली. दिल्लीत उभ्या राहिलेल्या पलटणीचं नाव अशा रीतीने दर वर्षी एका डच माळावर घेतलं जातं.

आता सांगशाक. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य कोहिमा आणि इंफाळवर चालून आलं तेव्हा ब्रिगेडियर होप-थॉमसन यांच्या ब्रिगेडने उखरूलच्या बाजूला सांगशाकच्या टेकडीवर ठाण मांडलं. तांगखुल नागांचं गाव, वर एक चर्च. तीन फूट खणलं की खडक लागायचा, त्यामुळे खंदक उथळ राहिले. काटेरी तार नव्हती, पाणी अपुरं. विमानांतून टाकलेली रसद बहुतांश जपान्यांकडे पडली, कारण बचावाची जागा फारच आखूड होती आणि उंचावरून टाकलेली छत्री वाऱ्यावर जाते. २६ मार्चच्या रात्री जंगलातून निसटण्याचा हुकूम मिळाला. हलवता न येणारे जखमी मागे राहिले. ब्रिगेडची सुमारे ६०० माणसं गेली किंवा जखमी झाली, सर्वांत जास्त १५२ पलटणीची. पण त्या दिवसांच्या उशिरामुळे कोहिमा आणि इंफाळला तयारीला वेळ मिळाला.

इथे स्मरणाची गाडी पहिल्याच टप्प्यावर अडली. टेकडी शत्रूच्या ताब्यात गेली, त्यामुळे मृतांना नीट ठेवता आलं नाही. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असल्याने कबर हा आधारच नाही. अशा ८६८ जणांची नावं इंफाळच्या दहन स्मारकावर कोरली आहेत, आणि ज्यांचा ठाव लागला नाही त्यांची यांगूनजवळ तौक्यानच्या रंगून स्मारकावर, जिथे जवळपास २७,००० नावं आहेत. रत्नागिरी किंवा साताऱ्याच्या कुटुंबाला तिथे जाणं १९५० मध्ये परवडणारं नव्हतं आणि त्यासाठी पदयात्रा काढणारं कुणी नव्हतं. त्यातच सुरुवातीला ब्रिगेडवर अपयशाचा शिक्का बसला आणि होप-थॉमसन यांना हटवण्यात आलं. त्या आघाडीचे सेनापती जनरल स्लिम यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये कौतुक केलं, तरी वाद मिटला नाही. त्यामुळे इथल्या माजी सैनिकांचं स्मरण कागदावरच्या युक्तिवादात गेलं; ब्रिगेडमधल्याच एका जखमी अधिकाऱ्याने १९८९ मध्ये लढाईचं पुस्तक लिहिलं.

आपल्या घरातलं नाव शोधायचं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदवहीत ‘४ बटालियन, ५ मराठा लाइट इन्फंट्री’ असं पाहावं. जुन्या इंग्रजी वर्णलेखनात ‘मराठा’मध्ये ‘ह’ आणि दोन ‘ट’ असतात, हे विसरलं तर काहीच सापडत नाही. नावाचे तुकडे उलटसुलट असतात आणि ‘जाधव’, ‘शिंदे’ चार प्रकारे लिहिलेले दिसतात, तेव्हा आडनावाऐवजी सर्व्हिस नंबर किंवा वडिलांचं नाव आणि गाव यावरून जुळवणं बरं. बऱ्याच नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, सातारा’ असं लिहिलेलं असतं. मृत्यूची तारीख एकच दिली नसेल, ‘२२ ते २६ मार्च’ अशी असेल, तर ती चूक समजू नये. आर्न्हेमच्या नोंदींतही ‘१७ ते २५ सप्टेंबर’ असं लिहिलेलं बरंच सापडतं. शेवटचं कुणी कुणाला कधी पाहिलं हे न कळल्याची ती नोंद असते. सर्व्हिस नंबर घरात नसेल तर जुनी पेन्शन बुक, पदकाची कडा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या क्रमाने विचारावं. पदकाची कडा आणि मागची बाजू नीट पाहावी. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांची पदकं नावाविना दिली गेली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर नंबर आणि नाव कोरलेलं असे.