रबरी दंड आणि पडद्यावरचा वॉर्ड

नर्सिंगचे विद्यार्थी दोन्ही सरावांना ‘सिम्युलेशन’च (खऱ्या कामाची नक्कल) म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लॅबमधल्या रबरी दंडात सुई टोचणं वेगळं, कॉम्प्युटरवर किंवा हेडसेट लावून आभासी रुग्णालयात ड्युटी करणं वेगळं.

कोकणातलाच रुग्ण घेऊ. गवत कापताना फुरसं हा विषारी साप चावलेला माणूस तिन्हीसांजेला ग्रामीण रुग्णालयात येतो. फुरशाच्या विषानं रक्ताची गोठण्याची ताकद जाते. म्हणून त्याचं २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं असेल, तर प्रतिविष द्यावं लागतं.

यातलं रक्त काढणं डमीवरच शिकावं. शीर बोटाला लागणं, सुईचा कोन, दंडाला बांधलेला पट्टा, म्हणजे टॉर्निकेट, वेळेत सोडणं, हे हाताचं काम. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयात १९११ साली ‘मिसेस चेस’ ही माणसाएवढी बाहुली आली, तीही अशाच सरावासाठी. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवताना, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तो जोर माऊसच्या क्लिकमध्ये कुठून येणार?

पडद्यावरच्या वॉर्डात मात्र हा रुग्ण एकटा नसतो. शेजारी तापानं फणफणलेलं मूल, दारात नातेवाईक, टेबलावर वाजणारा फोन. आधी कुणाकडे जायचं? हिरड्यांतून रक्त येतंय हे पाहिलं का? प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ते सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनालिन (ती रिअ‍ॅक्शन थोपवणारं औषध) भरून ठेवलं का? चुकलं तर रुग्ण ढासळताना दिसतो, पण खऱ्या जिवाला धक्का लागत नाही. ही चूक खऱ्या वॉर्डात कुणाला करू देता येत नाही, म्हणून मला हे साधन फार मोलाचं वाटतं. शिवाय पोस्टिंगमध्ये असा रुग्ण प्रत्येकीच्या वाट्याला येतोच असं नाही. इथे तो सगळ्यांना मिळतो.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. पडद्यावर २० मिनिटं एका क्लिकमध्ये सरकवता येतात. वॉर्डात तेवढा वेळ नाडी-बीपी बघत, घाबरलेल्या बायकोला धीर देत आणि ‘नळीला हात लावू नका’ म्हणत काढावा लागतो. शिक्षकांनी तो वेळ पळवू नये. हेडसेट आले म्हणून रबरी दंड कपाटातही टाकू नयेत. आधी डमी, मग पडदा, मग खरा वॉर्ड. आणि पडदा बंद झाल्यावर समोर बसवून शांतपणे विचारावं: अ‍ॅड्रेनालिन तू नक्की केव्हा मागितलंस?