वर्गातील समूहभावना

एका वर्गात शिकणाऱ्यांना आपण परस्परांचे आहोत, अडल्यास कोणी सांभाळून घेईल आणि साऱ्यांचा अभ्यास एकच आहे असे वाटणे, म्हणजे वर्गातील समूहभावना. डेव्हिड मॅकमिलन व डेव्हिड चॅव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये समुदायभावनेचे सदस्यत्व, प्रभाव, गरजांची पूर्तता व सामायिक भावनिक नाते असे चार घटक मांडले. वर्गापुरती ही भावना मोजण्यासाठी आल्फ्रेड रोवाई यांनी २००२ मध्ये वीस विधानांची मोजपट्टी तयार केली. तिच्यातील निम्मी विधाने विद्यार्थ्यांमधील जवळीक तपासतात, तर निम्मी शिकण्याच्या अपेक्षा कितपत पुऱ्या झाल्या हे विचारतात.

या भावनेने अध्ययन सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे सरसकट देता येत नाही. ती अधिक असलेले विद्यार्थी आपण अधिक शिकलो असे सांगतात, हे अनेकदा दिसले आहे. पण 'शिकलो असे वाटणे' आणि परीक्षेत दिसणारे आकलन वेगळे, शिवाय मोजपट्टीतच शिकण्याविषयीची विधाने असल्याने हा संबंध काही अंशी आधीच गृहीत धरलेला असतो. ज्याला विषय जमतो त्याला वर्गही आपला वाटतो, ही उलट शक्यताही उरतेच. शिक्षण अर्धवट न सोडण्याशी असलेला तिचा संबंध अधिक पटण्याजोगा आहे. नाशिकजवळ गोवर्धन येथे मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (स्थापना १९८९) नोकरी, शेती वा संसार सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना रोजचा वर्ग नसतो. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांतच सहाध्यायी भेटतात, म्हणून तेथे या प्रश्नाला विशेष महत्त्व येते.

नुसता सहवास मात्र पुरेसा नसतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतील आश्रमशाळांत मुले एकत्र राहतात, जेवतात, झोपतात. तरीही ही जवळीक अभ्यासात उतरण्यासाठी कामाची तशी मांडणी करावी लागते. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे योजलेल्या पद्धतीत पाठाचा एकेक भाग एकेका मुलाकडे असतो व त्याने समजावल्याशिवाय इतरांचा पाठ पुरा होत नाही. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले वाक्य सोबत्याने घरच्या बोलीत उलगडून सांगणे, हा अशा मांडणीचा स्थानिक उपयोग ठरतो. द्राक्षांच्या हंगामात पालकांबरोबर दिंडोरी-निफाडकडे गेलेले मूल परतते तेव्हा वर्गातील गट पक्के झालेले असतात. त्याला कोणत्या गटात, कोणते काम द्यायचे हे शिक्षकाने ठरवले नाही, तर तीच घट्ट समूहभावना त्याला बाहेर ठेवते.