मदतीची कसोटी नाणेफेकीवर

समाजसेवेच्या प्रकल्पांचे अहवाल वाचताना मी आधी एक गोष्ट शोधतो: ज्यांना मदत मिळाली नाही, त्यांचं काय झालं? बहुतेक ठिकाणी ते नसतंच. 'आमचं आयुष्य बदललं' असे अभिप्राय मात्र पानोपानी असतात.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत, डॉ. रिचर्ड कॅबट यांनी मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून काम सुरू केलं. वय, स्वभाव, घरची परिस्थिती पाहून मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवलं. एकाला घरभेटी, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला यातलं काहीच नाही.

नाणं कशाला? जोड्या लावताना माहीत असलेल्या गोष्टीच जुळवता येतात. कुणाला जीव लावणारी आजी आहे, कोण आतून खचलाय, हे संशोधकाला दिसत नाही. नाण्यालाही दिसत नाही, आणि हीच त्याची ताकद! निवड आंधळी असल्यामुळे अशा न दिसणाऱ्या गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या विखुरतात. शिवाय माणूस मदत मागायला येतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतर काही न करताही थोडं बरं होतंच. ते आपोआप सुधारणं दोन्ही गटांत असतं, म्हणून वजाबाकीत उडून जातं. योगायोगाने पडेल त्याहून मोठा फरक उरला, तर तो मदतीचा. ताईत बांधल्यावर 'गुण आला' म्हणणाऱ्याने ही वजाबाकी केलेली नसते, आणि नुसत्या अभिप्रायांवर प्रकल्पाचं यश ठरवणाऱ्यानेही नाही.

प्रकल्प संपल्यावर सुमारे तीस वर्षांनी गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मकॉर्ड यांनी या ५०६ मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश जण म्हणाले, आम्हाला फायदा झाला. नोंदी वेगळंच सांगत होत्या. गुन्हे कमी झाले नव्हतेच. उलट दारूचं व्यसन, मानसिक आजार आणि अकाली मृत्यू यांत मदत मिळालेला गटच वाईट निघाला. मनापासून केलेल्या कामाचा हा हिशेब वाचून मी आजही अस्वस्थ होतो.

मकॉर्ड यांनी पुढे आणखी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा हे नुकसान मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्या मुलांत आढळलं. त्यांचा अंदाज असा, की तिथे मुलं एकमेकांपुढे आपल्या खोड्यांची फुशारकी मारत आणि बाकीचे दाद देत.