१८०३ मध्ये अडकलेली आजची माणसं : कल्पनेमागचा इतिहास, ग्वाल्हेरच्या अंगाने

ग्वाल्हेर शहरातल्या महाराज बाड्याच्या चौकात चहा पीत उभी असलेली चार माणसं पापणी लवते न लवते तोच १८०३ सालात जाऊन पडतात, अशी सुरुवात करण्याचा मोह ग्वाल्हेरच्या लेखकाला होतोच. आणि पहिल्याच परिच्छेदात गफलत होते. त्या साली बाडा नव्हता, 'लष्कर' नावाची शहराची वस्तीही नव्हती. दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला कायमची पडली ती १८१० मध्ये. पुढे राहुट्यांच्या जागी वाडे उठले, तरी नाव छावणीचंच राहिलं. १८०३ च्या पावसाळ्यात, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या तोंडावर, दौलतराव दक्षिणेत, निजामाच्या सरहद्दीवर होते. ग्वाल्हेरचा किल्ला होता त्यांचे सरदार अंबाजी इंगळ्यांच्या हाती. आपली चार माणसं मदत मागायला गड चढली तर गाठ अंबाजींशी, आणि त्यांच्यापुढे 'इंग्रज जिंकणार आहेत' असं भविष्य सांगणं म्हणजे आगीत तेल. याच अंबाजींनी त्या डिसेंबरात इंग्रजांशी परस्पर करार करून किल्ला देऊ केला होता. वरच्या शिबंदीने मात्र दरवाजे उघडले नाहीत. फेब्रुवारी १८०४ मध्ये इंग्रजांना तोफा लावूनच किल्ला घ्यावा लागला. कथेला नायक हवा असेल तर तो त्या शिबंदीत शोधावा.

हा कथाप्रकार दोन वेगळ्या धाग्यांतून विणला गेला आहे. एक धागा जर-तरचा. सिकंदर पश्चिमेकडे वळला असता तर रोमचं काय झालं असतं, हा प्रश्न लिव्ही या रोमन इतिहासकाराने दोन हजार वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे. दुसरा धागा काळात घसरलेल्या माणसाचा. मार्क ट्वेनच्या १८८९ च्या कादंबरीतला अमेरिकन शस्त्रकारखान्यातला कारागीर राजा आर्थरच्या दरबारात पोचतो. शेवटी विजेच्या तारा आणि गॅटलिंग तोफा लावून तो सरदारांचा खच पाडतो आणि त्याच प्रेतांच्या वेढ्यात अडकतो. म्हणजे यंत्राने जिंकूनही सुटका होत नाही, हे या प्रकाराच्या जन्मापासूनच सांगितलं गेलं आहे. पुढच्या अनुकरणांनी तेवढंच सोयीस्करपणे वगळलं.

१९३९ मध्ये स्प्रेग डी कॅम्पने सहाव्या शतकातल्या रोममध्ये एक पुरातत्त्वज्ञ उतरवला. तो प्रथम दारू गाळून पोट भरतो, मग छापखाना काढतो. तोफेची दारू मात्र त्याला शेवटपर्यंत जमत नाही. १९५६ मध्ये पोल अँडरसनने याला सडेतोड उत्तर दिलं : त्याचा अमेरिकन सैनिक दहाव्या शतकातल्या आइसलंडमध्ये पिस्तुलासकट पोचतो आणि तिथल्या लोकरीती न कळल्यामुळे मारला जातो. नंतर एकट्या माणसाऐवजी अख्खी तुकडी पाठवण्याची लाट आली. जपानमध्ये १९७९ च्या एका चित्रपटात आत्मसंरक्षण दलाची तुकडी सरंजामी यादवीत जाते. १९८० च्या एका अमेरिकन चित्रपटात अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका पर्ल हार्बरच्या आदल्या दिवशी पोचते. २००० साली एरिक फ्लिंटने वेस्ट व्हर्जिनियातलं खाणकामगारांचं एक गावच उचलून १६३१ च्या जर्मनीत ठेवलं. तुकडी किंवा गाव गेलं की प्रश्न बदलतो. धैर्य किती, यापेक्षा साठा किती आणि तो संपल्यावर काय, हे महत्त्वाचं ठरतं. या प्रकारातलं सगळं चांगलं लेखन हिशेबाच्या वहीसारखं वाटतं ते यामुळेच.

मराठीत जर-तरची ओढ पानिपतामुळे जुनी आहे. जयंत नारळीकरांच्या गंगाधरपंतांच्या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि इतिहासाला फाटा फुटतो. पण प्राध्यापक गंगाधरपंत पोचतात ते बदललेल्या वर्तमानात, रणांगणावर अडकून पडत नाहीत. अडकणाऱ्या माणसासाठी १७६१ पेक्षा १८०३ जास्त उपयोगाचं साल आहे. त्या वर्षी मराठ्यांकडे नेमकं काय होतं आणि काय नव्हतं, हे कागदोपत्री स्पष्ट दिसतं.

बंदुका कमी नव्हत्या. महादजींनी १७८४ मध्ये सव्हॉयच्या द बॉयन्य या युरोपियन अधिकाऱ्याला चाकरीत घेतलं. दोन पलटणींपासून सुरू झालेली कवायती फौज १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याला राजपुतांना भारी पडली. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट तोफा ओतत होता. फौजेच्या पगारासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख जायदाद म्हणून तोडून दिला होता, त्यामुळे शिपायाच्या हातात वेळेवर पैसे पडत. ही व्यवस्था त्या काळी कोणत्याही तोफेपेक्षा दुर्मिळ होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठवाड्यातल्या असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि माणसं पहिल्या तासाभरातच लोळवली. त्याला आपल्या तोफा मागे टाकून संगिनींवर भिस्त ठेवावी लागली आणि पंधराशेहून जास्त माणसं मृत-जखमी झाली. लढाईनंतर हाती आलेल्या पितळी तोफा आपण पाहिलेल्यांपैकी सर्वोत्तम आहेत, अशा अर्थाचं त्यानेच पत्रात लिहिलं. तेव्हा आपला नायक दौलतरावांना 'चांगली तोफ कशी ओतायची' हे शिकवायला निघाला, तर गोलंदाज त्याला हसतील.

नव्हते ते अधिकारी. ऑगस्ट १८०३ मध्ये कंपनी सरकारने जाहीरनामा काढला : शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या युरोपियनांची सोय लावली जाईल. पेराँ हा द बॉयन्याच्या जागी आलेला सरसेनापती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बाजूला झाला. ४ सप्टेंबरला अलीगडच्या किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा इंग्रजांना वाट दाखवणारा ल्यूकन नुकताच शिंद्यांची नोकरी सोडून आलेला होता. १ नोव्हेंबरला लासवारीला उरलेल्या पलटणी जवळपास युरोपियन अधिकाऱ्यांविनाच लढल्या, आणि अशा लढल्या की इंग्रज सरसेनापती लेकने त्यांच्या शौर्याची कबुली लेखी दिली. ७२ तोफा गेल्या, लढाई गेली. आजच्या माणसांनी इथे काही बदलायचं असेल तर कारखाना काढण्याऐवजी पलटणीच्या दुसऱ्या फळीतल्या सुभेदार-जमादारांना हुकूम द्यायचा अधिकार मिळवून द्यावा. ते काम तोफ ओतण्यापेक्षा कठीण. त्याला दरबार लागतो.

आता साठ्याचा हिशेब. समजा, तीस जवानांची तुकडी आजच्या रायफलींसह पोचली, माणशी शंभर गोळ्या. सलग फैरींचा वेग मिनिटाला ६०० धरला तर एका माणसाच्या शंभर गोळ्या दहा सेकंदांत संपतात. एकेक नेम धरून मारल्या तरी तीन हजार गोळ्या म्हणजे एका लढाईचं भांडवल. नव्या गोळ्या करता येत नाहीत. पितळी नळकांडं, ठिणगी देणारी टोपी आणि बिनधुराची दारू या तिन्हींमागे रसायनाचा उद्योग लागतो आणि बिनधुराची दारू फ्रान्समध्ये निघाली तीच १८८४ मध्ये. काळी दारू भरून भागवू म्हणावं तर तिची काजळी वायूवर चालणारी यंत्रणा काही फैरींतच जाम करते. त्या काळच्या, चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या बंदुकीचा खरा मारा ऐंशी ते शंभर पावलांचा, वेग मिनिटाला दोन-तीन फैरी, आणि पावसात कान, म्हणजे बार पेटवायची दारू ठेवायची खाच, भिजला की तेही नाही. तिथे फरक पाडणारी एकच वस्तू डोक्यात मावते : पोकळ बुडाची, शंकूच्या आकाराची शिशाची गोळी. बार उडाला की बूड फुगून नळीच्या आट्यांत, म्हणजे पिळदार खाचांत, घट्ट बसते, त्यामुळे रायफल झटपट ठासता येते. युरोपात हे १८४० च्या दशकाच्या अखेरीस जमलं. गोळीचा साचा कोणीही करील. अडचण नळीच्या आतल्या आट्यांची. एकेक नळी हाताने कापायला कुशल लोहार अडकून पडतो. हजार नळ्या एका पावसाळ्यात होत नाहीत.

वाहनाचंही तसंच. ग्वाल्हेर ते असई सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. जीपची ५० लिटरची टाकी आणि लिटरला दहा किलोमीटर धरले तर ती मध्येच कुठेतरी थांबते. मुळात सप्टेंबरात नर्मदा आणि तापी ओलांडायला पूल नाही, माळव्याच्या काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुततात. घाण्याचं तेल जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात गाळून, गरम करून कसंबसं चालतं. नव्या इंजिनांचे इंजेक्टर चिकटून बसतात. म्हणून लेखकाने गाडीचं मॉडेल आधी ठरवावं. वेलस्लीने आपली मोहीम म्हैसूरच्या बैलांवर आणि बंजाऱ्यांच्या धान्याच्या तांड्यांवर उभी केली होती, आणि ती चालली. मोबाइलवरचा नकाशा उघडेल, पण आपण कुठे आहोत ते दाखवणार नाही, कारण वर उपग्रह नाहीत. होकायंत्र मात्र चालेल. ते पृथ्वीच्या चुंबकावर चालतं.

भाषेचा प्रश्न बहुतेक कथा उडी मारून ओलांडतात. मराठी माणूस मराठी मुलखात गेला, मग अडचण कसली? अडचण अशी की दफ्तर मोडीत आहे आणि मराठी फारसीने भरलेली. तारखेसाठी छ म्हणजे चंद्र, मग मुसलमानी महिना आणि अरबी अंकांतलं सुहूर साल : असईचा महिना जमादिलाखर, साल अर्बा मयातैन व अलफ, म्हणजे १२०४. त्यात ५९९ मिळवले की १८०३ येतं. जानेवारी ते मेअखेरच्या तारखांना ६०० मिळवावे लागतात. एवढं ठाऊक नसेल तर नायकाला आपण कोणत्या वर्षी आहोत हेच कागदावरून कळायचं नाही. त्यात 'कोण, कुठले, जामीन कोण?' या तीन प्रश्नांना उत्तर नसलेला माणूस छावणीत हेर तरी ठरतो, नाहीतर बुणग्यांत, म्हणजे फौजेमागच्या बिनलढाऊ माणसांत, जमा होतो. बुणग्यांत जमा होणं कथेच्या दृष्टीने वाईट नाही. तिथून फौजेचं पोट दिसतं.

पुढचं माहीत असण्याचा फायदा एकदाच मिळतो. असईला वाटाड्यांनी केळणा नदीला उतार नाही असं सांगितलं होतं. दोन काठांवर समोरासमोर गावं दिसली, त्यावरून वेलस्लीने उतार असणारच असं ताडलं. आपल्या माणसांनी ही जागा आधीच दौलतरावांना दाखवली आणि तिथे तोफा मांडल्या, तर वेलस्ली तिथून येणारच नाही. स्टीव्हन्सनची दुसरी फौज एका दिवसाच्या अंतरावर होती. तो थांबेल, आणि २४ तारखेला दोघे मिळून येतील. तिथून पुढे आपल्या पुस्तकातलं एकही पान खरं नाही. पहिला बदल केला की भविष्यवेत्ता सामान्य माणूस होतो, हे विसरणाऱ्या कादंबऱ्या तिसऱ्या प्रकरणानंतर फुसक्या होतात.

मग खरोखर हातात काय उरतं? वैद्यक, पण दोन्ही बाजूंनी कापणारं. देवीचं निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झालं आणि लस थांबली, त्यामुळे त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर लशीचा व्रण नाही. १८०३ च्या छावणीत देवी आल्या तर आजचा तरुण सर्वांत आधी जाईल. उपाय होता, पण मुंबईत : जेन्नरच्या पद्धतीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी तिथेच. याउलट जुलाबांवर आपल्याकडे असलेलं ज्ञान स्वस्त आणि अमोघ आहे. उकळून निवलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप म्हणून सोबतची पाण्याची बाटली आणि चहाचा चमचा जपून ठेवायचे. साखर नसेल तर गूळ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं. ते पाणी टाकून नवं करायचं, कारण जादा मीठ लहान मुलाला मारू शकतं. हीच पद्धत १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीविरुद्ध, म्हणजे कॉलऱ्याविरुद्ध, वापरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं तेव्हा.

या ज्ञानासाठी १८०३ पेक्षाही योग्य साल ग्वाल्हेरच्या उंबऱ्यावरच आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात पेंढाऱ्यांवर निघालेली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची फौज सिंध नदीच्या बाजूला, दौलतरावांना दबावाखाली ठेवून तळ देऊन होती. त्याच तळात पटकी शिरली, माणसं चालता चालता पडू लागली, आणि मोकळ्या हवेच्या शोधात फौजेला बेतवेकडे तळ हलवावा लागला. ग्वाल्हेरच्या लष्कर वस्तीतून निघून त्या तळाबाहेर पोचलेली एखादी परिचारिका, हातात बाटली आणि चमचा घेतलेली : तिने कोणाला पाजायचं, आणि ही रीत सांगायची तर कोणत्या बाजूच्या हकिमाला?

ग्वाल्हेरच्या लेखकांपैकी कोणी हे लिहायला घेणार असेल तर आणखी एक बारकावा. त्या तळातले बहुसंख्य शिपाई उत्तरेतले हिंदू होते; परक्या हातचं पाणी ते पिणार नाहीत. पाणी आणायला, उकळायला आणि ढवळायला त्यांच्यातलाच, पंगतीला चालणारा माणूस हवा, आणि तो आधी पटवावा लागेल.