कडक म्हणजे कठीण की चिवट? रानातल्या चाकूचं पोलाद सांगताना होणारा घोळ

चाकू करून घ्यायला गेलेला माणूस कारागिराला पहिलं वाक्य हेच ऐकवतो, "पोलाद एकदम कडक पाहिजे." मीही तेच ऐकवलं होतं. कोकणातल्या घराभोवती वापरायला पाच इंची पात्याचा चाकू हवा होता. बांबू चिरणं, सुंभ कापणं, चुलीसाठी ढलप्या काढणं आणि प्रसंगी नारळ, एवढीच त्याची कामं. घरी एक जुनी जाड कानस पडली होती. ती घेऊन लोहाराकडे गेलो, त्यांनी तापवली, ठोकली, पाणी दिलं, धार काढून हातात ठेवली. कागद असा कापला जायचा की आवाज येऊ नये.

चौथ्या दिवशी असोल्या नारळाची सोडणं काढून झाल्यावर त्याच चाकूने करवंटीवर घाव घातला आणि अडकलेलं पातं जरा पिळून काढलं. टक् असा बारीक आवाज झाला. धारेतून हाताच्या नखाएवढी चंद्रकोर गेली होती. तुटलेली कड रव्यासारखी दाणेदार दिसत होती. चाकू परत नेला तेव्हा लोहारकाका शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, कडक करा म्हणून? मग कडक केला."

त्यांचं काही चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण घोळाचं मूळ माझ्या शब्दात होतं. आपल्याकडे चहा कडक, इस्त्री कडक, भाकरी कडक, ऊन कडक आणि मास्तरही कडक. पोलादाच्या बाबतीत या एका शब्दात दोन वेगळे गुण कोंबले जातात. एक कठीणपणा आणि दुसरा चिवटपणा. ते सारखे तर नाहीतच, बहुतेक वेळा एकमेकांच्या मुळावर उठतात.

कठीणपणा म्हणजे पोचा किंवा ओरखडा पडू न देण्याची ताकद. चिवटपणा म्हणजे तडा जाऊ न देता धक्का पचवण्याची ताकद. लोणावळ्याच्या चिक्कीत नख रुतत नाही, पण ती फरशीवर पडली की तुकडे होतात. चपलेच्या चामडी वादीवर नखाने सहज वळ उठतो, पण ती आपटा, पिळा, हातोड्याने बडवा, तुटत नाही. चिक्की कठीण, वादी चिवट. चाकूच्या धारेला या दोघींचं थोडं थोडं लागतं, आणि किती-किती लागतं हे कामावर ठरतं.

मोजण्याच्या पद्धतीही अगदी वेगळ्या आहेत. कठीणपणासाठी रॉकवेलचं यंत्र वापरतात. चाकूच्या पोलादावर हिऱ्याचा शंकू आधी १० आणि मग एकूण १५० किलोच्या भाराने दाबतात आणि तो किती खोल गेला त्यावरून आकडा काढतात. जेवढा कमी रुतेल तेवढा आकडा मोठा. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे हे यंत्र असतं. चिवटपणासाठी चार्पीची चाचणी. खाच पाडलेला पोलादाचा तुकडा ठेवायचा, झोक्यावरचा जड हातोडा त्यावर सोडायचा आणि तो तुकडा मोडताना हातोड्याची किती ऊर्जा खर्ची पडली ते बघायचं. एकात हळूहळू दाब, दुसऱ्यात फटका. चाकूच्या जाहिरातीत मात्र फक्त रॉकवेलचा आकडा छापतात, चिवटपणाचा आकडा क्वचितच कुठे दिसतो. त्यामुळे ६२ हा ५८ पेक्षा चांगलाच असणार, असं गिऱ्हाईक धरून चालतं.

हे दोन गुण भांडतात ते का, ते लोहाराच्या भट्टीत दिसतं. पोलाद साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला लाल-नारिंगी झालं की त्यातला कार्बन लोहाच्या अणूंमध्ये विरघळून जातो. ते सावकाश गार झालं तर कार्बन आपापल्या जागी निघून जातो आणि पोलाद मऊ राहतं. पण तेलात किंवा पाण्यात झटक्यात बुडवलं, म्हणजे आपण ज्याला पाणी देणं म्हणतो ते केलं, की कार्बन तिथल्या तिथे अडकतो. जागा ताणली जाते, अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत. थर सरकत नाहीत म्हणून पोचा पडत नाही, आणि थर सरकत नाहीत म्हणूनच फटका बसला की जोर जिरवायला वाट उरत नाही. मग तो तडा पाडूनच बाहेर पडतो.

म्हणून पाणी दिल्यावर पातं पुन्हा हलकं तापवावं लागतं. २०० अंशांच्या आसपास तासदोनतास, शक्यतो दोनदा. पॉलिश केलेल्या पात्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो. आणखी तापवलं तर तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. या उतरवणीत थोडा कठीणपणा जातो आणि पुष्कळ चिवटपणा परत येतो. माझ्या पहिल्या चाकूला ही दुसरी आच मिळालीच नव्हती. शिवाय तो प्रमाणाबाहेर तापला होता, त्यामुळे आतले कण मोठे झाले. तुटलेल्या कडेवरचा तो रवा म्हणजे त्याचीच खूण. नीट झालेल्या पोलादाची मोडलेली कड मऊसर, राखाडी, जवळजवळ मखमली दिसते.

दुसऱ्या चाकूच्या वेळी मी शहाणा झालो, म्हणजे दुसऱ्या टोकाला गेलो. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणला आणि "तुटायला नको" एवढंच सांगितलं. पाटा मुळात धक्के खायलाच केलेला. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा थोडं क्रोमियम. चाकू तुटला नाही. तो दगडावर आपटला असता तरी तुटला नसता. पण वाळलेल्या बांबूच्या चार पेरांनंतर धार मुडपायची. पात्याच्या एका बाजूने नख फिरवलं की गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने फिरवलं की खसखस अडकायचं. रोज संध्याकाळी दगडावर घासत बसायचो. पहिल्याने टवका उडवला, दुसऱ्याने मान टाकली. धार गेली की दोन्ही वेळा आपण "पोलाद चांगलं नाही" असंच म्हणतो, पण औषध अगदी उलटं असतं. टवके उडत असतील तर कठीणपणा उतरवा किंवा धारेचा कोन जाड करा. धार मुडपत असेल तर कठीणपणा वाढवा. रोग न ओळखता "आणखी कडक करा" म्हटलं की टवके उडणारा चाकू अजून उडवतो.

दुसऱ्या चाकूचं पोलाद वाईट नव्हतं हेही सांगायला हवं. गाडीखालचा पाटा रॉकवेलवर ४५ च्या आसपास असतो, आणि माझा चाकू बहुधा तेवढाच राहिला होता. हेच पोलाद नीट तेलात पाणी देऊन ५६-५७ वर आणलं तर कोयत्यासारख्या अवजाराला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला ठाऊक नाही. ऊसतोडीच्या फडात दिवसभर चालणारे कोयते अशाच पाट्यांचे असतात. फक्त भंगारातला पाटा घेताना एक जपायचं. वर्षानुवर्षं खाचखळग्यांतून हिंदकळलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे असू शकतात, आणि तो नेमका कुठल्या जातीचा हेही नक्की नसतं. चारशे-पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा नवी पट्टी घ्यावी.

या जोडीत एक तिसरा पाहुणा घुसतो, ताठपणा. "पातं जरासुद्धा वाकत नाही, किती कडक आहे बघा," असं दुकानदार सांगतो तेव्हा तो पोलादाबद्दल काहीच सांगत नसतो. मऊ असो की पाणी दिलेलं, सगळं पोलाद सुरुवातीला जवळपास सारख्याच जोराने वाकतं. फरक नंतर पडतो. मऊ पातं वाकडंच राहतं, चांगलं पातं परत सरळ होतं, ठिसूळ पातं मोडतं. वाकायला किती जोर लागेल हे जाडी ठरवते, आणि जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. जाड पातं ताठ लागलं म्हणून ते कठीणही नाही आणि चिवटही नाही.

मग नेमकं कुठलं पोलाद सांगायचं? नुसत्या कठीणपणाच्या आकड्यावर भागत नाही, कारण त्याच आकड्याला दोन पोलादांचा चिवटपणा फार वेगळा असू शकतो. डी २ हे साच्यांसाठी वापरलं जाणारं पोलाद घ्या. कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा. त्यात क्रोमियम कार्बाइडचे, म्हणजे क्रोमियम आणि कार्बनच्या संयुगाचे, मोठे, अतिशय कठीण खडे असतात, काँक्रीटमधल्या खडीसारखे. त्यामुळे ते झिजता झिजत नाही, दोर आणि पुठ्ठा कापायला उत्तम. पण फटका बसला की तडा त्याच खड्यांपासून सुरू होतो. उलट ५१६० या स्प्रिंगच्या पोलादात असे मोठे खडे नाहीत. ५८ वर दोन्ही आणली तरी करवंटीवर मी ५१६०च घेईन. मधला रस्ता म्हणजे बेअरिंगचं पोलाद, आपल्याकडे ईएन ३१ किंवा ५२१०० म्हणतात ते. कार्बन एक टक्का, क्रोमियम साधारण दीड टक्का. बारीक कणांचं, धार छान धरणारं, चिवटपणाही बऱ्यापैकी. मात्र त्याला आच नेमकी लागते. नुसतं "चुंबक चिकटेनासं झालं की बुडव" एवढ्यावर ते भागवून घेत नाही. चुंबक ७७० अंशांनाच सुटतं आणि याला साधारण ८४५ लागतात.

गंजाचं काय, हा प्रश्न कोकणात टाळता येत नाही. वरच्यापैकी एकही पोलाद स्टेनलेस नाही. डी २ सुद्धा नाही, ते फक्त सावकाश गंजतं. विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं, तेच इथे होणार. तो काळा थर निरुपद्रवी, तांबडा मात्र नाही. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि चाकू चामड्याच्या म्यानात न ठेवता बाहेर ठेवला तर पावसाळा निघतो, कारण चामडं ओल धरून बसतं. एवढं जमणार नसेल तर एईबी-एल किंवा १४सी२८एन घ्या. ही तेरा-चौदा टक्के क्रोमियमची, बारीक कणांची स्टेनलेस पोलादं आहेत आणि चिवटही आहेत. पण ती गावच्या भट्टीत होत नाहीत, १००० अंशांच्या वर नेमकं तापमान धरणारी भट्टी लागते. आणि कुणी ताट-वाट्यांच्या ३०४ च्या पत्र्याचा चाकू करून देतो म्हणाला तर नमस्कार करून निघा. त्यात कार्बन अगदी कमी आणि निकेल भरपूर असतं, त्यामुळे पाणी देऊन ते कठीण होतच नाही.

तिसऱ्या चाकूच्या वेळी मी "कडक" हा शब्दच वापरला नाही. ५१६० ची नवी पट्टी, ५७ ते ५८, धार प्रत्येक बाजूला वीस अंश, घाव करवंटीवर पडणार, असं सांगितलं. चाकू घ्यायला गेलो तेव्हा खिशात पितळेची कांडी होती. धार तिच्यावर तिरकी टेकवून अंगठ्याने दाबत सरकवली. उजेडात बघितलं तर धारेची कड कांडीवरून जाताना किंचित फुगत होती आणि पुढे गेली की परत सरळ होत होती. फुगलेलीच राहिली असती तर मऊ, टवका उडाला असता तर ठिसूळ. कारागीर हसला आणि म्हणाला, "झाली परीक्षा? आता ग्राइंडरवर धार लावू नका तेवढं. कड निळी पडली की सगळं पाणी उतरलं."

कानशीचा तो पहिला चाकू मी फेकला नाही. भट्टीत पुन्हा बेताने तापवून कण बारीक करून घेतले, पाणी दिलं, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोनदा उतरवला आणि टवक्याच्या मागपर्यंत घासून अरुंद केला. ६० च्या आसपास असावा. लाकडी फळीवर कांदा चिरताना त्याला धक्का बसतच नाही, आणि महिना-महिना दगड दाखवावा लागत नाही. नारळाजवळ मात्र त्याला कुणी नेऊ नये म्हणून आईने त्याच्या मुठीला लाल दोरा बांधून ठेवलाय.