गवताची धावपट्टी आकाशातून कशी ओळखायची?

मागच्या रविवारी भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर उपग्रहाचं एक चित्र धाडलं. कोंढाळीकडच्या झाडोऱ्यातून गेलेली सरळ, फिकट हिरवी रेघ. सोबत निरोप : 'मामाजी, कोणाची तरी प्रायव्हेट धावपट्टी!' चित्र मोठं केलं तर रेघेवर ठरावीक अंतरानं ठिपके आणि त्यांच्या जाळीदार सावल्या. विजेचे टॉवर! तारांखालची झाडं तोडतात, म्हणून ती रेघ.

पण खासगी गवती धावपट्ट्या खरंच असतात. इंग्लंडमध्ये कित्येक शेतकऱ्यांच्या रानात त्या आहेत : चार-पाचशे मीटर लांब, वीसेक मीटर रुंद, डांबर नाही की दिवे नाहीत. हिरव्या रानात ही हिरवी पट्टी शोधायची कशी?

क्रिकेटचं मैदान आठवा. टीव्हीवर गडद-फिक्या हिरव्या पट्ट्या दिसतात, त्या रंगवलेल्या नसतात, गवतही एकच असतं. कापणी यंत्राचा रूळ जाताना पाती एका दिशेला झुकवतो आणि परत येताना उलट्या दिशेला. आपल्यापासून दूर झुकलेल्या पात्याची चकचकीत पाठ दिसते, म्हणून तो पट्टा उजळ. आपल्याकडे झुकलेल्याची टोकं आणि मधली सावली दिसते, म्हणून तो गडद. पलीकडच्या स्टँडमध्ये जाऊन बसा, पट्ट्यांची अदलाबदल होते! कापलेली धावपट्टीही अशीच उघडी पडते. फोटो थोडा तिरपा असेल तर पट्टे ठळक उठतात, थेट डोक्यावरून घेतला तर फिके पडतात. एकच चित्र पाहून निकाल देऊ नये, ते यासाठी.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात मात्र हे पट्टे सापडणार नाहीत. त्याचा एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा, म्हणजे धावपट्टीची अख्खी रुंदी दोन ठिपक्यांत आटोपते. तिथं डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश कामी येतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त परत फेकतं. दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेनं भागलं की हिरवेपणाचा निर्देशांक, एनडीव्हीआय, मिळतो. समजा गवतावरून अवरक्त ०.४५ आणि लाल ०.०५ परतला, तर उत्तर ०.८. पिकलेल्या गव्हाचे आकडे ०.३५ आणि ०.२५ धरले, तर जेमतेम ०.१७. मे महिन्यात दोन्ही हिरवे, फरक कळत नाही; जुलैअखेर तिकडे गहू पिवळा पडतो आणि पट्टी एकटी हिरवी उरते.

मग बाकीचे पुरावे. पांदण कुठंतरी पोचते, धावपट्टी कुठंच न पोचता संपते. टोकांशी चाकांनी गवत झिजलेलं, बाजूला एखादी शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी म्हणजे विंडसॉक. दिशा बहुधा तिथल्या नेहमीच्या वाऱ्याची. आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या पक्क्या धावपट्टीचे १४ आणि ३२ हे आकडे दिशेचेच आहेत, साधारण १४० आणि ३२० अंश.

सरळ रेघ दिसली की काहींना परग्रहवासीही दिसतात. पेरूमधल्या नाझ्काच्या रेषांना त्यांच्या धावपट्ट्या ठरवून झालं आहे. त्या रेषा म्हणजे माणसांनीच वरचे काळपट दगड बाजूला सारून उघडी केलेली फिकी जमीन आहे. तिथं ना झिजलेली टोकं, ना शेड. तारे ओलांडून येणाऱ्यांना धावपट्टी कशाला लागते, तेही कोणी सांगत नाही.

भाच्याला सावल्यांभोवती गोल काढून चित्र परत धाडलं. लगेच विचारणा : 'मग आपल्या वावरात करायची का एक?' आपली जमीन काळी, कपाशीची. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आमचा ट्रॅक्टर जुलैपासून दोनदा रुतला आहे.