पिकअपचं इंजिन बदललंय? मग भाव विचारण्याआधी ब्लॉकवरचा नंबर बघा
(जुनी पिकअप विकायला आणणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"गाडी एक नंबर आहे, इंजिन आत्ताच टाकलंय, किती देता बोला." असे फोन आम्हाला कायम येतात. आम्ही विचारतो, नवं इंजिन आरसीवर चढवलंय का? त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "ते काय, नंतर करून घेऊ." या 'नंतर'पायी गिऱ्हाईक हातचं जातं, इसार परत द्यावा लागतो आणि दोष आमच्यावर येतो. प्रत्येकाला तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच छापून ठेवलेलं बरं.

आरसीवर दोन नंबर असतात, चेसिसचा आणि इंजिनचा. चेसिसच्या नंबरबद्दल सहसा प्रश्न येत नाही. गोंधळ होतो तो इंजिनच्या नंबरात. तो ब्लॉकवर कोरलेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. "इंजिन कुठं बदललंय, नुसता ब्लॉक बदललाय," असं सांगून ग्राहक निर्धास्त होतात. पण ब्लॉक गेला की नंबर गेला. हेड, पंप, नोझल, गिअरबॉक्स सगळं कंपनीचं, मूळचं असलं तरी कागदाच्या हिशेबात इंजिन बदललेलंच धरतात. भंगार बाजारातून हाफ इंजिन, म्हणजे हेडशिवायचं, आणून बसवलं असेल तरी तेच. उलट मूळ ब्लॉक बोअर करून लायनर-पिस्टन नवे टाकले, क्रँक घासून घेतला, अगदी हेडसुद्धा बदललं, तरी नंबर तोच राहतो. अशा कामाची बिलं तेवढी घेऊन या.

मेस्त्री म्हणतात, काही फरक पडत नाही. गाडी चालवायला खरंच पडत नाही. तीन-चार वर्षं कुणी विचारतही नाही. विकायची वेळ आली की पडतो.

आपल्या सोलापूर भागात हे इतकं का होतं, तेही उघड आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, रेडिएटर गाळाने अर्धा बंद, हौद्यात पासिंगपेक्षा जास्त माल. तापमानाचा काटा वर गेला तरी मार्केट यार्डापर्यंत रेटायची. आधी गॅस्केट जातं, मग हेड वाकतं, आणि तरीही रेटली तर ब्लॉकला चीर पडते. नव्या ब्लॉकचा आकडा ऐकून मालक जुन्याकडे वळतो. यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. पोट भरणारी गाडी उभी ठेवून कसं चालेल? फक्त त्याच आठवड्यात कागदाचं कामही उरकायला हवं होतं.

नंबर कसा बघायचा? गाडी थंड असताना बोनेट उघडा. ब्लॉकच्या बाजूला मशीनने सपाट केलेली छोटी जागा असते, तिथं नंबर कोरलेला असतो. मॉडेलप्रमाणे जागा बदलते, सापडली नाही तर आम्हाला गाडीचं मॉडेल कळवा. त्यावर ऑइल आणि धुळीचा काळा थर बसलेला असतो. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश एवढ्याने तो निघतो. कोरडं पुसलं की पांढरा खडू आडवा घासा आणि वरून हलक्या हाताने पुसून घ्या. खाचेत खडू राहतो आणि अक्षरं पांढरी उठतात. मोबाइलची टॉर्च समोरून न धरता बाजूने धरा आणि फोटो काढा.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यांपैकी काहीही तिथं लावू नका. कळकळीची विनंती समजा. नंबर स्वच्छ दिसावा म्हणून चांगल्या मनाने घासणारे आहेत. पण घासलेला नंबर बघून मोटार वाहन निरीक्षकाला पहिली शंका चोरीच्या इंजिनाचीच येणार. मग साधं काम पोलिसांच्या तपासणीपर्यंत जातं. वर रंगही मारू नका.

आता फोटोतला नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. एमपरिवाहन ॲपवर पूर्ण नंबर दिसत नाही, त्यामुळे आरसी हातात घ्या. एखादंच अक्षर चुकतंय, ८ च्या जागी बी आहे, शून्याच्या जागी ओ आहे किंवा मधलाच आकडा गळलाय, तर बहुधा जुनी पुस्तकं संगणकावर चढवताना झालेली नोंदीची चूक असते. तिच्यासाठी दुरुस्तीचा अर्ज लागतो. ते वेगळं काम आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सगळाच नंबर वेगळा असेल तर मात्र पुढचं वाचा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्यानुसार आरसीवरचा तपशील बदलेल असं काम परवानगीशिवाय झालं असेल, किंवा इंजिन बदललं असेल, तर मालकाने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. मुदत उलटली म्हणून दार बंद होत नाही, पण उशिराची विचारणा होते. नियमात न बसणारा बदल केला तर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली आहे. बदललेलं इंजिन त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं असेल तर मार्ग निघतो. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन गेलं आणि तसंच दुसरं बसवलं, हे समजावून सांगता येतं. टाटा २०७ मध्ये दुसऱ्याच कंपनीचं इंजिन वेल्डिंग करून, फाउंडेशन सरकवून बसवलेलं असेल, तर आम्ही ती गाडी घेत नाही. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यावर आमच्या ओळखीचा उपयोग नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्याही नाही.

सगळ्यात मोठी अडचण इंजिनाच्या बिलाची. नंबर लिहिलेलं, जीएसटीचं पक्कं बिल असेल तर अर्धी लढाई तिथंच जिंकली. दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन असेल, तर ती गाडी रीतसर मोडीत निघाल्याचा कागद, म्हणजे नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा, विकणाऱ्याकडून घ्या. तो देत नसेल तर तो का देत नाही, याचा विचार इंजिन घेण्याआधी करा. याशिवाय चालू विमा, पीयूसी आणि फिटनेस लागतं. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीचं पत्रही लागेल. निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतात, म्हणून गाडी चालू आणि धुतलेली हवी. नोंद झाली की विम्याच्या पॉलिसीतही नवा नंबर टाकून घ्या. ते राहिलं तर क्लेमच्या वेळी विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते.

ज्या एका चुकीने सगळ्यांचा वेळ जातो, ती म्हणजे आधी इसार घेणं आणि मग नंबर बघणं. त्यातही गिऱ्हाईक विजयपूर किंवा कलबुर्गीकडचं असेल तर फारच अवघड. इथून एनओसी (ना-हरकत दाखला) निघून गाडी कर्नाटकात गेली, तिकडच्या तपासणीत नंबर जुळला नाही, की शंभर किलोमीटरवरून गाडी परत. तोवर तुमचे पैसे खर्च झालेले असतात, गिऱ्हाइकाचे अडकलेले असतात आणि दोघंही आमच्या ऑफिसात बसलेले असतात. म्हणून नंबर जुळल्याशिवाय आम्ही इसार लावत नाही. ग्राहकांना राग येतो. "अमक्याने तर दहा मिनिटांत व्यवहार केला," असंही ऐकायला मिळतं. केला असेल. मालकी बदलण्याच्या २९-३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी न्यायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण आरटीओच्या नोंदीत नाव आहे तोवर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तुम्हालाच धरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. गाडी कुणाच्या ताब्यात होती हा बचाव तिथं टिकत नाही. नाव चढेपर्यंत आम्ही थोडी रक्कम रोखून ठेवतो तीही याचसाठी, आणि तसं पावतीवर लिहून देतो.

भावाबद्दल थोडं. इंजिनाला घातलेला पैसा जसाच्या तसा परत येत नाही. फायनान्सवाले आरसीचं वर्ष बघतात, आणि गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी, वर पर्यावरण कर. इंजिन कालचं असलं तरी हे टळत नाही. पण नोंद झालेलं, बिल असलेलं इंजिन आणि नोंद नसलेलं इंजिन यांच्या भावात चांगलाच फरक पडतो, आणि तो फरक नोंदीच्या खर्चापेक्षा जास्त असतो. नोंदीचं काम आमच्याकडून करून घेतलं आणि गाडीही आमच्याकडेच विकली, तर फक्त सरकारी फी घेतो. विकायची नसेल तरी काम करून देतो, आमचा मेहनताना आधी सांगून.

गाडी मुद्दाम गरम करून आणू नका. बार्शी-मंगळवेढ्याहून येणाऱ्यांचा इलाज नाही, पण गावातल्या गावात येताना अर्धा तास फिरवून आणणारे आम्हाला ओळखू येतात. गाडी आम्ही तशीही थंड होऊ देतो आणि मगच सेल्फ मारतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जातंय का ते बघावं लागतं. चालू इंजिनाची ऑइल कॅप सैल करून आतून किती दाब मारतो तेही बघतो. नोझलचं किंवा एअर फिल्टरचं किरकोळ काम निघालं तर भाव पाडण्याआधी तुम्हाला सांगतो, तुम्ही तुमच्या मेस्त्रीकडून करून आणलं तरी चालतं.

पिकअपला गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं असतं ते डिसेंबर-जानेवारीत, मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा. त्यामागून द्राक्षांचा हंगाम येतो. त्या वेळी विकायची असेल तर कागदाला दसऱ्याच्या सुमारास हात घाला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत येऊन "आठ दिवसांत करून द्या" म्हणालात तर आमच्याच्याने होणार नाही.

येताना मूळ आरसी, विमा, इंजिनाचं बिल आणि ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो आणा. ज्याच्या नावावर गाडी आहे तो स्वतः हवा आणि आधारला जोडलेला मोबाइल त्याच्या खिशात हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. भावाच्या किंवा वडिलांच्या नावावरची गाडी असेल तर त्यांना घेऊन या. फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवला तर नंबर जुळतो की नाही एवढं आम्ही त्याच दिवशी कळवतो, त्याचे पैसे घेत नाही. भाव मात्र गाडी बघूनच सांगतो.